नागपूरच्या दागिन्यांचा इतिहास कुठे शोधायचा?

दोन प्रश्न एकत्र आले आहेत. पहिला असा: नागपूर गोंड राजांची राजधानी होती, मग भोसल्यांची, मग इंग्रजांच्या मध्यप्रांताची. तरी कोल्हापूरला जसा साज आहे, तसं ‘हे नागपुरी’ म्हणून बोट ठेवता येईल असं सोन्यात काही का नाही? दुसरा प्रश्न घरगुती आहे. पणजीची एकदाणी, म्हणजे सोन्याच्या मण्यांचा एक सर, घरात आहे, बहिणी ती मोडून वाटून घेऊ म्हणतात. ती इथली आहे का, किती जुनी असेल आणि मोडावी का?

मी नागपूरच्या इतवारी बाजारात सोनारकाम शिकलो आणि पुढे जुन्या डागांची, म्हणजे दागिन्यांची, पारख करण्यात आयुष्य गेलं. माझ्या दृष्टीनं हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. नागपुरात सोनं कमी घडलं असं नाही. पण जे घडलं त्यातलं राजवाड्यातलं कलकत्त्याला गेलं आणि घराघरांतलं मुशीत गेलं. तुमच्या पणजीच्या एकदाणीसारखं जे चुकूनमाकून राहिलं, तेवढ्यावरूनच हा इतिहास वाचावा लागतो. म्हणून उत्तर लांबणार आहे.

सुरुवात शहराच्याही आधीपासून करतो. नागपूरहून काटोल रस्त्यानं निघालं की माहूरझरी लागते. तिथली महापाषाणी दफनं, म्हणजे दगडांची मोठी वर्तुळं, १९७० च्या सुमारास डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली उकरली गेली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली ही माणसं. त्यांनी आपल्या घोड्यांनाही तांब्याच्या पत्र्याचे दागिने घातले होते. माझ्यासारख्याला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: माहूरझरी हे मणी घडवणाऱ्यांचं गाव होतं. अकीक, कार्नेलियन, स्फटिक असे दगड घासून, भोकं पाडून तिथे मणी होत. दख्खनच्या काळ्या दगडाचा पूर्वेकडचा काठ आपल्या भागात येतो आणि त्या दगडाच्या पोकळ्यांत अकीक सापडतो, म्हणजे माल दारातच होता. कठीण दगडाला सरळ आरपार भोक पाडणं किती अवघड असतं ते ज्यानं हातानं केलंय त्यालाच कळतं. दोन्ही बाजूंनी भोक पाडत आणून मध्ये गाठ घालावी लागते, जरा तिरपं गेलं की मणी फुटतो. आजच्या आपल्या एकदाणीचा सांगाडाही मण्यांचाच आहे. सरळ वारसा आहे असा दावा मी करणार नाही, पण या मातीत मणी फार जुना आहे.

नंतरच्या काळात रामटेकजवळचं नगरधन, म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन, राजधानी होतं. पूर्वेला वैरागडला हिऱ्याची खाण होती, तिचा उल्लेख ऐन-ए-अकबरीत आहे. आणि वैनगंगेच्या खोऱ्यात सोनझरी लोक नदीची वाळू लाकडी पाटात धुऊन सोन्याचे कण काढत. हे सोनं फार नव्हतं. दिवसभर धुऊन गुंजभरही हाती लागण्याची खात्री नसे. पण म्हणून त्यांचं महत्त्व कमी होत नाही, कारण हेच हात पुढे शहरात सोनारांच्या दुकानांतली माती धुऊ लागले. त्यांच्याकडे पुन्हा येतो.

आताचं शहर देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं १७०२ च्या सुमारास राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या जोडून वसवलं. त्याच्या मागून आलेल्या चांद सुलतानानं राजधानी इथे आणली. १७४३ मध्ये सत्ता रघूजीराजे भोसल्यांच्या हाती आली आणि नागपूरच्या सोनारकामाचा खरा भर तिथून सुरू झाला. १७५१ च्या तहात अलीवर्दीखानानं बंगाल-बिहारच्या चौथाईपोटी वर्षाला १२ लाख रुपये द्यायचं कबूल केलं आणि ओडिशा भोसल्यांकडे आला. पैसा आला की त्यामागून सावकार येतो, सावकारामागून सराफ, सराफामागून सोनार आणि खडे बसवणारा जडिया. दरबाराला शिरपेच, तुरे, कलग्या, मोत्यांचे कंठे, भिकबाळ्या लागत. हत्ती-घोड्यांच्या साजाची चांदी वेगळी. मानाचा पोशाख द्यायचा तर त्याबरोबर डागही द्यावा लागे, त्यामुळे जवाहीरखाना हा राज्यकारभाराचाच भाग होता.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. सराफ आणि सोनार हे दोन वेगळे धंदे आहेत. आज एकाच दुकानावर ‘सराफ व ज्वेलर्स’ अशी पाटी दिसते म्हणून ते एक वाटतात. त्या काळी सराफाचं मुख्य काम नाण्यांचं होतं. भोसल्यांच्या टाकसाळीत नागपुरी रुपया पडत असे, त्यावर नाव मात्र दिल्लीच्या अहमदशाह बादशहाचं. बाजारात हा रुपया, इतर टाकसाळींचे रुपये, झिजलेले, कापलेले, कमी कसाचे असे सगळे एकत्र फिरत. कुठल्या रुपयावर किती बट्टा, म्हणजे कपात, घ्यायचा हे सराफ ठरवी. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस सांगणं ही त्याची विद्या. सोनार त्याच्याकडून धातू तोलून घेई आणि डाग तोलून परत देई. मधली घट किती मान्य, हे आधीच ठरलेलं असे. इतवारीत आजही एकेका धंद्याची ‘ओळ’ आहे, लोहा ओळ आहे, सोना-चांदी ओळ आहे. महाल या जुन्या वस्तीकडे मूर्तिकारांची चितारओळ आहे. ही मांडणी केवळ सोयीची नव्हती. सराफ, सोनार, जडिया, गाठण ओवणारा पटवेकरी आणि माती धुणारा झारेकरी हे हाकेच्या अंतरावर असल्याशिवाय एकही गळ्यातलं पूर्ण होत नसे.

राजवैभवावर घाव मात्र लवकर पडू लागले. १७६५ मध्ये पेशवे आणि निजाम यांच्या फौजांनी शहराचा काही भाग जाळला. १८०३ च्या देवगावच्या तहानं कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला आणि उत्पन्नाला मोठी गळती लागली. १८११ मध्ये पेंढारी शहरावर आले. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि त्यानंतर खरी सत्ता इंग्रजांची.

आणि मग १८५३. तिसरे रघूजीराजे ११ डिसेंबरला वारले, औरस वारस नव्हता. डलहौसीनं १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. राज्य घेतलं ते घेतलंच, पण राजघराण्याचं खासगी जडजवाहीरही ताब्यात घेतलं. राजघराण्यातल्या वृद्ध बांकाबाईंनी विरोध केला, त्याचा उपयोग झाला नाही. दागिने कलकत्त्याला नेऊन हॅमिल्टन कंपनीमार्फत लिलावात विकले गेले. हत्ती, घोडे, बैल इथेच सीताबर्डीला लिलावात निघाले.

मला या प्रसंगाची चीड येते आणि ती लपवायचं कारण नाही. लुटीत गेलेला दागिना कधीतरी लुटीचा म्हणून ओळखला जातो. लिलावात गेलेला दागिना नाव हरवून जातो. विकत घेणाऱ्यानं खडे काढले, सोनं गाळलं, मोती नव्या सरात ओवले की नागपूरचा जडिया पुसला गेला. त्यामुळे ‘भोसलेकालीन नागपुरी जडावकाम’ म्हणून आज चार वस्तू पुढे ठेवून शिकवता येत नाही. पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. २०२५ मध्ये पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारनं ती ४७.१५ लाखांना घेऊन परत आणली, तेव्हा मी तिची छायाचित्रं पुनःपुन्हा पाहिली. पातं युरोपी धाटणीचं, आणि त्यावर सोन्याच्या पाण्यासारखी दिसणारी देवनागरी अक्षरं: ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’. ते पाणी दिलेलं नसतं. पोलादावर आडव्या-उभ्या बारीक चरा पाडून त्यात सोन्याची तार ठोकून बसवतात, त्याला कोफ्तगारी म्हणतात. सोनारकामाच्या नजरेनं ती तलवार पाहणारे फार कमी निघाले, याचं वाईट वाटलं.

राजा गेला तरी शहर राजधानीच राहिलं. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी. १८६७ मध्ये मुंबईकडची रेल्वे पोचली, १८८० च्या दशकात छत्तीसगडकडची. एम्प्रेस मिल १८७७ ची. आता गिऱ्हाईक बदललं. दरबाराऐवजी मालगुजार, वकील, कापसाचे व्यापारी, कचेरीतले नोकरदार आणि सगळ्यांत मोठ्या संख्येनं शेतकरी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ मध्ये आपल्या कापसाला असा भाव आला की वऱ्हाड, वर्धा, हिंगणघाटकडे चांदीचा पूर वाहिला. बँक खेड्यात नव्हती. पैसा ठेवायची जागा म्हणजे बायकांचे हातपाय आणि गळा.

चांदीचं हे प्रकरण जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे. १८३५ पासून कंपनीचा एकसारखा रुपया चालू झाला. त्याचं वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजचे ११.६६ ग्रॅम. त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. म्हणजे रुपया हे नाणंही होतं, तोळ्याचं वजनही होतं आणि सोनाराचा कच्चा मालही. शेतकरी रुपये मोजून समोर ठेवी, म्हणे ‘इतक्या रुपयांच्या भाराच्या पायातल्या तोरड्या कर’, सोनार तेच रुपये गाळून तोरड्या करी आणि मजुरीचे रुपये वेगळे घेई. तोलताना तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही रुपयेच. फसवणुकीला जागा फार कमी, कारण कस सरकारनं ठरवलेला आणि वजन डोळ्यांसमोर. १८९३ मध्ये सरकारनं टाकसाळी चांदीसाठी बंद केल्या आणि रुपयाची किंमत त्यातल्या चांदीपेक्षा वर गेली. तेव्हा रुपया गाळणं तोट्याचं झालं आणि मुंबईहून येणाऱ्या चांदीच्या लगडी सराफ्यात खपू लागल्या. जुन्या चांदीच्या वाळ्या, गोट, करदोडे हातात आले की मी आधी कस पाहतो. रुपया गाळून केलेल्या मालात चांदी साधारण ९१–९२ टक्के निघते. असा कस सलग लागला की तो माल कुठून आला असेल याचा अंदाज बांधता येतो.

वजनाचंही सांगून टाकतो, कारण आजीच्या चिठ्ठ्यांत ते येतं. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. आज दुकानात तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात. आजीच्या वहीत ‘पाच तोळे’ असेल तर ते ५८ ग्रॅमच्या वर भरायला हवं. ५० भरलं तर कुणावर संशय घेण्याआधी वही कोणत्या काळातली ते बघा.

आता पहिल्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं. कोल्हापूरला गिऱ्हाईक बरंचसं एका भाषेचं, एका देवीचं, म्हणून साजासारखी एक वस्तू तिथल्या नावाशी बांधली गेली. नागपूरच्या सोनाराच्या पाटासमोर कोण बसे पाहा. महालातली ब्राह्मण बाई नथ नि तन्मणी मागे. कुणबी, तेली, माळी घरची बाई एकदाणी, गरसोळी, डोरलं. छिंदवाड्याकडचा गोंड चांदीची हसोळी. रायपूरकडून आलेला माणूस सुता मागे. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, बाजूचा तेलुगू माणूस पुस्ते. मारवाडी घरात बोरला. १९४७ नंतर जरीपटक्यात सिंधी कुटुंबं वसली, त्यांचे घाट पुन्हा वेगळे. एकाच कारागिराच्या पेटीत या सगळ्यांचे ठसे असत. दुसऱ्याच्या घरची वस्तू त्याच्या रीतीला धक्का न लावता करून देणं हे नागपूरच्या सोनाराचं कसब. मी याला उणीव मानत नाही. राजधानीच्या शहरात असंच होतं. फक्त त्यावर शहराचं नाव लिहिलं गेलं नाही, कारण प्रत्येक वस्तू आपापल्या गावी जाऊन त्या गावची झाली.

तरी ज्याला मी हक्कानं आपल्या भागातली म्हणेन ती एकदाणीच. गोल, भरदार सोन्याचे मणी एका सरात, मधे कुठे पोवळी किंवा बारीक मणी, घट्ट गळ्यालगत न बसता थोडी खाली रुळणारी. दिसायला साधी, करायला नाही.

सोनं मुशीत घालून बागेसरीवर, म्हणजे सोनाराच्या शेगडीवर, फुंकणीनं गाळायचं. ओतलेली कांब ऐरणीवर ठोकून पत्रा करायचा. ठोकताना सोनं कडक होतं, म्हणून मधून मधून तापवून नरम करायचं, नाहीतर काठाला चीर जाते. पत्रा कागदाइतका झाला की त्याच्या टिकल्या कापायच्या. काशाच्या ठोकळ्यात लहानमोठे खळगे असतात, मोठ्या खळग्यापासून सुरुवात करून टिकली ठोकत ठोकत अर्धी वाटी करायची. अशा दोन वाट्या काठाला काठ लावून टाकणखार नि झाळ ठेवून जोडायच्या. झाळ म्हणजे चांदी-तांबं थोडं जास्त घातलेलं सोनं, ते अंगच्या सोन्याच्या आधी वितळतं. या ‘आधी’ आणि ‘नंतर’मध्ये क्षणभराचं अंतर असतं. फुंकणारा तिथे थांबला नाही तर मणी बसतो. जुन्या कारागिराकडे उष्णता मोजायला काही नव्हतं, सोन्याच्या अंगावर झाळ पाण्यासारखी चमकून पळताना दिसली की तोंडची फुंकणी दूर. मग दोन्ही टोकांना भोकं, चिंचेच्या पाण्यात उकळून काळेपणा काढायचा, आणि शेवटी आत पातळ केलेली लाख भरायची म्हणजे पातळ पत्रा दबत नाही. तार हवी तर जंतराच्या पट्टीतल्या एकाहून एक बारीक भोकांतून ओढत न्यायची. सर पटवेकरी ओवून देई, मागे लाल दोरा आणि गोंडा.

एवढ्या कामात सोन्याचे कण कानशीला लागतात, पाटावर पडतात, राखेत जातात, अंगावरच्या धोतरातही अडकतात. म्हणून सोनाराच्या दुकानातली माती फेकत नाहीत. झारेकरी ती विकत घेतो, धुतो, जड भाग वेगळा करतो, पाऱ्यात किंवा शिशात धरून सोनं-चांदी बाहेर काढतो आणि नंतर तेजाबात (नायट्रिक आम्लात) चांदी विरघळवून सोनं मोकळं करतो. त्यासाठी आधी सोन्याच्या तिप्पट चांदी मिसळावी लागते, नाहीतर तेजाब आत शिरतच नाही. पारा आणि तेजाबाचा धूर यांनी या माणसांची छाती पोखरली. त्यांच्याशिवाय सराफा चाललाच नसता, आणि सराफ्याच्या कौतुकाच्या लेखांत त्यांचं नाव मी कधी वाचलं नाही.

दागिने मोडले जाण्याचा इतिहास आता थोडक्यात. १९३० च्या मंदीत कापसाचा भाव कोसळला, आणि सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडनं सुवर्णमान सोडल्यावर सोन्याचा भाव चढला. शेतकऱ्यापुढे सारा भरायचा प्रश्न, त्यानं घरातलं सोनं काढलं. देशभरातून ते गाळून जहाजानं बाहेर गेलं. कापसाच्या मुलखात हा फटका दुहेरी बसला. पिढ्यान्‌पिढ्यांचे घाट त्या काही वर्षांत संपले. १९३३ मध्ये वर्ध्याहून निघालेल्या गांधीजींच्या हरिजन दौऱ्यात बायकांनी अंगावरचे डाग काढून दिले. ते देणं मात्र आनंदानं झालेलं होतं.

त्याहून खोल जखम १९६३ ची. चीन युद्धानंतर जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, अर्थमंत्री मोरारजी देसाई. १४ कॅरेटच्या वर नवा दागिना करायला बंदी. १४ कॅरेट म्हणजे ५८.५ टक्के सोनं, उरलेलं तांबं-चांदी. ज्यांनी जन्मभर २२ कॅरेट ठोकलं त्यांना ते हाताला दगड वाटे, पत्रा चिरे, रंग पिवळा न राहता तांबूस दिसे, आणि गिऱ्हाईक तर तोंड फिरवी. देशात सोनारांनी आत्महत्या केल्या. आपल्याकडेही वडील सोनार आणि मुलगा गिरणीत, शाळेत, रेल्वेत अशी घरं त्या काळात झाली. १९६६ मध्ये १४ कॅरेटची अट उठली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. कारागिरीची साखळी एका पिढीनं तुटली की ती कायदा रद्द करून जोडता येत नाही. आज हातानं एकदाणीचा मणी करणारे नागपुरात विचारत फिरावं लागतं, याचं मूळ मला या वर्षांत दिसतं. १९५६ मध्ये राजधानी भोपाळला गेली त्याचं दुःख शहराला फार आहे. सराफ्याला त्यापेक्षा १९६३ जड गेलं, कारण विदर्भ, बालाघाट-छिंदवाडा, छत्तीसगड हा त्याचा मुलूख राजधानी जाऊनही त्याच्याकडेच येत राहिला.

पुढचं सगळ्यांना दिसतंच आहे. मोकळी झालेली जागा बंगाली कारागिरांनी भरली, त्यांचा तारकामाचा नि पातळ पत्र्याचा हात खरोखर सुरेख आहे. मशीनवरच्या चेन आल्या, मेणाच्या साच्यातून ओतीव काम आलं, संगणकावर डिझाइन आलं. झाळीत कॅडमियम वापरायची ‘केडीएम’ची लाट येऊन गेली. त्यानं दागिन्याचा कस टिकत असे, पण धूर घेणाऱ्या कारागिराची फुप्फुसं जात. २००० पासून हॉलमार्क, म्हणजे कसाचा अधिकृत शिक्का, १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्ती, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-आकड्यांच्या एचयूआयडीशिवाय, म्हणजे प्रत्येक डागाच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाशिवाय, विक्री नाही. हॉलमार्कच्या मी पूर्ण बाजूचा आहे. गिऱ्हाईकाच्या अज्ञानावर चालणारा धंदा त्यानं कमी केला.

आता एकदाणी. ती पालथी करा, पुढून पाहून काही कळत नाही. मण्याच्या मध्यावर जोडाची बारीक रेघ आहे का बघा. हातकामात ती रेघ थोडी जाड, जागोजागी फिकट रंगाची असते आणि दोन मणी कधीच तंतोतंत एकसारखे नसतात. सगळे मणी अगदी एकाच मापाचे आणि रेघच दिसत नसेल तर काम अलीकडचं समजा. भोकाच्या काठाशी सोनं दोऱ्यानं झिजून धार आलेली असते, ती नकली करणं कठीण. भोकातून आत लालसर-तपकिरी लाख दिसते का तेही पाहा. मागे दोरा-गोंडा असेल तर जुनी ओवणी. फासा किंवा हूक असेल तर तो नंतर बसवलेला असू शकतो, त्यावरून पूर्ण वस्तूचं वय ठरवू नका. त्यावर १४ चा शिक्का असेल तर १९६३ ते १९६६ ची शक्यता मोठी. शिक्काच नसणं हे जुन्या मालात नेहमीचं आहे, त्यानं घाबरू नका. आणि पणजीचं लग्न कोणत्या साली, माहेर कुठलं, एकदाणी माहेरची की सासरची, हे घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला आजच विचारून लिहून ठेवा. ही माहिती माझ्या कसोटीवर उमटत नाही.

कस पाहताना एक काळजी. दुकानातलं एक्स-रे यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं. वारंवार चिंचेत किंवा तेजाबात उकळलेल्या जुन्या डागाच्या पृष्ठभागावरचं तांबं निघून गेलेलं असतं, त्यामुळे यंत्र कस जास्त दाखवतं. जोडावर धरलं तर झाळीमुळे कमी दाखवतं. दोन-तीन मण्यांवर वेगवेगळ्या जागी घ्या, आणि भोकाच्या आतल्या काठाची कसोटीवर रेघ घेऊन ताडून बघा. मान्यताप्राप्त हॉलमार्क केंद्रात तुम्ही स्वतः जुना डाग तपासून घेऊ शकता. वजन मात्र लाखेसकट आहे हे विसरू नका. मोडायला दिलात तर लाख जळून जाईल, झाळीची घट निघेल, घडणावळीचं काही मिळणार नाही आणि हातात येईल ते बहिणींच्या अपेक्षेपेक्षा बरंच कमी असेल.

म्हणून माझा सल्ला: मोडू नका, वाटा. लाखेवरची एकदाणी म्हणजे सुटे मणीच आहेत. ओवणी सोडवून प्रत्येकीला समान मणी द्या. उरलेल्या जागेत पोवळी किंवा सोन्याचे छोटे मणी घालून प्रत्येकीची छोटी एकसरी होते, आणि पणजीच्या घरचं काम चार घरांत राहतं. ते पटत नसेल तर एकीनं ठेवावी आणि निव्वळ सोन्याचा अंदाज काढून बाकीच्यांना रक्कम द्यावी. सोडवण्याआधी स्वच्छ उजेडात पुढून, मागून, बाजूला मोजपट्टी ठेवून छायाचित्रं काढा, मण्यांचा क्रम लिहा. ओवणी सोनाराकडे नको, पटवेकऱ्याकडेच द्या, इतवारीत चौकशी केलीत तर मिळेल. गरम पाण्यात किंवा अल्ट्रासोनिक यंत्रात घालू देऊ नका, लाख सुटते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्यानं पुसलं तरी पुरतं. एखादा मणी दबला असेल तर तो तसाच ओवा. सरळ करायचा म्हणजे आधी लाख काढून तापवावा लागतो, आणि इतका जुना पातळ पत्रा दुसऱ्यांदा आगीत टिकेलच असं नाही.